भांगेचें जुनें बियाणें

गोव्यास इ. स. १५६३ मध्यें गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्यानें आपला संवादरूप औषधिग्रंथ छापून काढला. हिंदुस्थानांत छापल्या गेलेल्या अगदीं आरंभींच्या पुस्तकांपैकीं तो एक होय. त्यांत भांगेवर एक प्रकरण आहे, आणि बहुतेक लोक तें गुजराथच्या बहादुरशहाच्या गोष्टीसाठीं वाचतात. रात्रीं पोर्तुगाल, ब्राझील, तुर्कस्थान, अरबस्थान फिरून यावें असें मनांत आलें म्हणजे आपण थोडी भांग घेतों, असें त्या सुलतानानें एका पोर्तुगीज सरदारास सांगितलें होतें म्हणे. गोष्ट मजेची खरी. परंतु त्याच प्रकरणांत दुसरा एक मुद्दा आहे तो अधिक मोलाचा. ओर्ताच्या मायदेशीं दोर आणि जाडें कापड यांसाठीं एक झाड पेरीत असत. गोव्याच्या बाजारांतली भांग तेंच झाड तर नव्हे ना, असा प्रश्न संवादांत निघतो. ओर्ता नाहीं म्हणतो, आणि कारण देतो तें बियांचें : इकडचें बीं बारीक असतें आणि तितकें पांढरें नसतें.

ओर्ताचा निष्कर्ष आज कोणी मान्य करीत नाहीं. ज्याच्या सालीचा वाख काढून युरोपांतल्या गलबतांचे दोर वळले गेले, आणि ज्याच्या पानांची भांग व शेंड्यांचा गांजा हिंदुस्थानांत होतो, तें कूळ एकच. (तागाला आणि अंबाडीलाहि इंग्रजींत पुष्कळदां त्याच नांवानें ओळखतात, पण त्या वनस्पति अगदीं निराळ्या.) लिनीअसनें १७५३ मध्यें या झाडाला शास्त्रीय नांव दिलें. पुढें १७८५ मध्यें लामार्क या फ्रेंच पंडितानें हिंदुस्थानांतून आलेले नमुने पाहून ही दुसरीच जात असें ठरविलें आणि तिला ‘इंडिका’ म्हटलें. जात एक कीं दोन, हा वाद वनस्पतिशास्त्रज्ञांत अद्यापि चालूच आहे. तो मिटो वा न मिटो, ओर्तानें डोळ्यांनीं पाहिलें तें खरें होतें. बीं निराळें होतें. म्हणजे त्याच्या मागची शेंकडों वर्षांची पेरणी निराळी होती, आणि पेरणाराचा हेतूहि निराळा होता.

जुना वाण ही कोणा एका तज्ज्ञानें घडविलेली वस्तु नव्हे. एका खोऱ्यांतले लोक दोरासाठीं झाड लावतात. ते दरसाल उंच, सरळसोट झाडांचें बीं राखतात. दुसऱ्या खोऱ्यांत दाण्यांचें तेल काढतात. तेथें भरघोस दाणा देणारें झाड बियाण्याला राहतें. तिसरीकडे राळेला मोल असतें. या माणसाच्या निवडीवर हवापाणी आपली निवड करीतच असतें. भांगेचें झाड दिवस लहान आणि रात्र मोठी होऊं लागली म्हणजे फुलावर येतें. उत्तर रशियांतला वाण म्हणून बुटका आणि घाईचा; थंडी पडण्याच्या आंत त्याला दाणा भरून मोकळें व्हावयाचें असतें. केरळाच्या डोंगरांतला वाण उंच वाढतो, सावकाश फुलतो. तोच उत्तरेकडे नेऊन पेरला तर बीं पिकण्यापूर्वींच बर्फ येऊन त्याला गांठतें. जुना वाण राखणें म्हणजे नुसतें बीं राखणें नव्हे, तर त्याची भूमि आणि त्याचा ऋतुहि राखणें, ही अडचण येथूनच सुरू होते.

दुसरी अडचण झाडाच्या स्वभावांत आहे. गहूं किंवा वाटाणा आपल्याच फुलांतल्या परागानें फळतो. शेजारीं दुसरा वाण असला तरी त्याचें फारसें बिघडत नाहीं. भांगेंत बहुधा नर झाड वेगळें आणि मादी वेगळी, आणि पराग वाऱ्यावर जातो. मोरोक्कोंतल्या शेतांचा पराग समुद्र ओलांडून दक्षिण स्पेनच्या किनाऱ्यावर पोंचतो, असें हवेची तपासणी करणाऱ्या शास्त्रज्ञांना तेथें आढळून आलें आहे. मग बांधापलीकडच्या शेताची कथा काय ! एका हंगामांत परका पराग येऊन पडला कीं शंभर पिढ्यांच्या निवडींत भेसळ होते, आणि ती झाली हें पुढील वर्षींचें पीक उभें राहीपर्यंत कळतहि नाहीं. (नर-मादीच्या बाबतींत माणसाची नजर किती फसते याचा नमुना इंग्लंडांत आहे. तेथील शेतकरी पराग देणाऱ्या किरकोळ झाडाला ‘फिंबल’ म्हणजे मादी म्हणत, आणि बीं धरणाऱ्या दांडग्या झाडाला ‘कार्ल’ म्हणजे गडी. जें सशक्त तें पुरुष, एवढाच त्यांतला न्याय !)

तिसरी गोष्ट आयुष्याची. पावट्याचें बीं राखेंत घालून गाडग्याचें तोंड मातीनें लिंपून ठेवणाऱ्या वडीलधाऱ्या बायका ज्यांनीं पाहिल्या असतील त्यांना बियांचेंहि आयुष्य असतें हें सांगावयास नको. भांगेच्या बियांत शेंकडा तीसच्या आसपास तेल असतें, आणि तेल खवट होतें. साध्या घरांत, साध्या हवेंत हें बीं दोनतीन वर्षें चांगलें उगवतें. पुढें त्याचा जोम झपाट्यानें जातो. अगदीं कोरडें करून शून्याखालीं अठरा अंशांच्या थंडींत ठेवलें तर तें पुष्कळ वर्षें टिकतें. पण तेथेंहि तें अमर नव्हे. केव्हां तरी बाहेर काढून, दुसऱ्या कोणत्याहि भांगेपासून दूर अशा जागीं पेरून, त्याचें नवें बीं धरावेंच लागतें. त्या पेरणीची पाळी चुकली म्हणजे काय होतें, याची सर्वांत बोलकी हकीकत अमेरिकेंतील केंटकी संस्थानाची आहे.

केंटकींत हें पीक अठराव्या शतकाच्या अखेरीस आलें आणि एकोणिसाव्या शतकांत तेथील मोठें पीक झालें. दक्षिणेकडच्या कापसाचे गठ्ठे बांधावयास दोर आणि गोणपाट लागे. तें या वाखाचें होई, आणि वाख काढण्याचें कंबर मोडणारें काम गुलाम नीग्रोंच्या अंगावर असे. युद्ध होऊन गुलामगिरी संपली. नंतर कापसाच्या गठ्ठ्याला बंगालचा ज्यूट आणि लोखंडी पट्टी आली, आणि केंटकीच्या वाखाचा बाजार बसला. कलकत्त्याच्या गिरण्यांनीं पृथ्वीच्या पाठीवरच्या कोणत्या शेतांत कोणतें बीं पेरलें जाईल हें ठरवावें, हें त्या काळच्या व्यापाराचें स्वरूप होतें.

तरीहि केंटकींत एक वाण घडत होता. वसाहतवाल्यांनीं आणलेलें युरोपी बीं मागें पडून शतकाच्या मध्यानंतर चिनी बीं आलें होतें. चीनमधले अमेरिकन मिशनरी लहानलहान पुड्यांतून तें घरीं पाठवीत. केंटकीच्या मातींत तीनचार पिढ्या गेल्या म्हणजे तें तेथलें होऊन जाई. वाखाचें पीक दाट पेरून बीं पिकण्याच्या आंत कापावें लागतें. त्यामुळें बियाण्यासाठीं नदीकांठच्या गाळाच्या जमिनींत वेगळीं झाडें लांबलांब लावीत, पराग उडून गेला कीं नर उपटून टाकीत, आणि माद्यांना पसरावयास जागा देत. हें काम त्या नदीकांठच्या थोड्याशा कुटुंबांच्या हातीं होतें, आणि साऱ्या देशाचें बियाणें त्यांच्या खळ्यांतून जाई.

विसाव्या शतकाच्या आरंभीं तेथील सरकारी शेतकी खात्यांतला लिस्टर ड्यूई हा वनस्पतिशास्त्रज्ञ या बियाण्याच्या मागें लागला. वॉशिंग्टनजवळ आर्लिंग्टन येथील प्रयोगक्षेत्रांत त्यानें वर्षानुवर्षें निवड चालविली. चिनी मूळ बियाण्यांतून ‘किमिंग्टन’, इटलींतील फेरारा येथील वाणाशीं संकर करून ‘फेरामिंग्टन’, आणि ‘चिंग्टन’, ‘आर्लिंग्टन’ असे वाण उभे केले. नांवें कानाला विचित्र लागतात, पण किमिंग्टनचें झाड उंची आणि वाख या दोन्ही बाबतींत त्या काळीं नांवाजलेलें होतें. १९३३ च्या सुमारास सरकारनें तें काम बंद केलें. ज्या प्रयोगक्षेत्रांत हीं झाडें उभीं राहत त्या भूमीजवळच १९४१ मध्यें पेंटॅगॉन या युद्धखात्याच्या प्रचंड इमारतीचा पाया घातला गेला.

मध्यंतरीं १९३७ मध्यें गांजाच्या नशेला आळा म्हणून अमेरिकन सरकारनें या झाडावर जबर कराचा कायदा केला. दोराचें झाड आणि नशेचें झाड असा भेद त्या कायद्यानें व्यवहारांत फारसा ठेवला नाहीं. पाळीव पांखरांना हें बीं चारण्याचा मोठा धंदा होता. त्याच्या मालकांनीं गाऱ्हाणें नेल्यावर त्यांना सवलत मिळाली ती एवढीच कीं, दाणा उगवणार नाहीं असें आधीं करावें आणि मग विकावा. बीं राहूं द्यावें, फक्त त्यांतला जीव काढून घ्यावा, ही अट वाचून क्षणभर थबकल्यावांचून राहवत नाहीं.

पांच वर्षांत सरकारला आपलेंच बोलणें फिरवावें लागलें. १९४२ मध्यें जपाननें फिलिपाइन्स घेतलें, मनिलाचा वाख बंद झाला, आणि आरमाराला दोर मिळेना. शेतकऱ्यांनीं भांगेचें झाड लावावें म्हणून सरकारनें बोलपट काढला, परवाने दिले, मध्यपश्चिमेंत वाखाचे कारखाने उभारले. बियाणें कोठून आलें ? अर्थात् केंटकींतून, तेथील नदीकांठचीं थोडीं कुटुंबें अद्यापि पेरीत होतीं म्हणून. युद्ध संपतांच कारखाने मिटले. शेवटची वाखाची शेतें विस्कॉन्सिनांत १९५० नंतरच्या दशकांत संपलीं. ड्यूईच्या वाणांना आतां पेरणारा कोणी उरला नाहीं. जें बीं कपाटांत होतें तें कपाटांतच म्हातारें झालें, आणि किमिंग्टन, चिंग्टन, फेरामिंग्टन हे वाण जगांतून गेले. त्यांना कोणीं जाळलें नाहीं, उपटलें नाहीं. नुसती कोणी पेरणी केली नाहीं.

परंतु युद्धकाळच्या शेतांतून वाऱ्यावर आणि पांखरांच्या चोंचींतून कांहीं दाणे बाहेर सांडले होते. आयोवा, इलिनॉय, इंडियाना, नेब्रास्का इकडे रस्त्यांच्या कडेला, आगगाडीच्या रुळांशीं, ओढ्यांच्या कांठीं भांग आपोआप उगवत राहिली. तेथले लोक तिला खंदकांतलें तण म्हणतात. नशेच्या दृष्टीनें ती कवडीमोलाची. तरीहि पोलीस खातें दरवर्षीं तीं झाडें लाखांनीं उपटून अहवालांत मांडीत असे. पुढें २०१४ मध्यें संशोधनासाठीं आणि २०१८ मध्यें सर्वसाधारण लागवडीसाठीं कायदा सैल झाला, आणि तेथील विद्यापीठांतले शास्त्रज्ञ जुन्या बियाण्याच्या शोधाला निघाले, ते याच खंदकांकडे. २०२१ पासून न्यूयॉर्क संस्थानांतील जिनीव्हा या गांवीं सरकारनें या झाडाचें बीजभांडार चालविलें आहे. त्यांतहि असें रानांत गेलेलें बीं घेतात. ऐंशीं वर्षें जें कपाटाला साधलें नाहीं तें रस्त्याच्या कडेच्या तणानें केलें. अर्थात् त्या तणांत किमिंग्टन जसाच्या तसा नाहीं. ऐंशीं वर्षांत वारा आणि निसर्ग यांनीं त्याचें आपल्या मर्जीप्रमाणें दुसरेंच कांहीं केलें आहे.

रानांत पळालेल्या भांगेकडे शास्त्राच्या नजरेनें आधींच पाहणारा एक मनुष्य होऊन गेला होता, तो रशियन शास्त्रज्ञ निकोलाय वाव्हिलोव्ह. १९२४ मध्यें अफगाणिस्थानच्या प्रवासांत त्यानें डोंगरांतली रानभांग गोळा केली. तिचें बीं बारीक, ठिपकेदार, आणि पिकतांच गळून पडणारें. त्याचें म्हणणें असें कीं, मनुष्य या झाडाच्या मागें गेला नाहीं, तेंच मनुष्याच्या मागून आलें : भटक्या टोळ्यांच्या तळावर खतावलेल्या भूमींत तें आपण होऊन उगवलें, आणि लोकांनीं पुढें त्याचा उपयोग शोधला. वाव्हिलोव्हनें जगभरच्या पिकांचें बीं लेनिनग्राडला जमविलें. त्यांत भांगेचेहि वाण होते. १९४० मध्यें त्याला अटक झाली, आणि २६ जानेवारी १९४३ रोजीं सारातोव्हच्या तुरुंगांत तो मरण पावला. त्याच सुमारास लेनिनग्राडला जर्मनांचा वेढा होता, आणि भाताच्या संग्रहाचा रक्षक दिमित्री इवानोव्ह भाताच्या पोत्यांत बसून उपाशी मेला; त्याच्यासारखे त्याचे आणखी सहकारीहि गेले. ही हकीकत पुष्कळांनीं ऐकली असेल. तिच्या पुढचा भाग फारसा कोणी सांगत नाहीं, कारण त्यांत शौर्य नाहीं. तो असा कीं, वेढ्यांतून वांचलेलें बीं पुढेंहि दर कांहीं वर्षांनीं पेरावें लागतच होतें. सोव्हिएट राज्य १९९१ मध्यें मोडलें आणि संस्थेजवळ पैसा राहिला नाहीं. भांगेच्या शेंकडों वाणांची पेरणी खोळंबली. तेव्हां ॲम्स्टरडॅम येथील एका भांग-संघानें परदेशांतून वर्गणी जमवून ती पेरणी कांहीं वर्षें चालू ठेवण्यास मदत केली. एकेक वाण वेगळ्या जागीं लावावयाचा, त्याच्यावर परका पराग पडूं द्यावयाचा नाहीं, आणि हें सारें तुटपुंज्या पगारावर. उपाशी मरण्याइतकें तें दिसण्यासारखें नाहीं. पण बीं त्यानेंच राहतें.

हिंदुस्थानांत या झाडाच्या जुन्या वाणांचें माहेर हिमालय, आणि गांजाचीं नांवाजलेलीं शेतें मैदानांत. राजशाहीजवळचें नौगांव आणि मध्यप्रांतांतलें खांडवा हीं त्यांतलीं प्रसिद्ध. मुंबई इलाख्यांत अहमदनगर जिल्ह्यांतहि पीक होतें. १८९३-९४ मध्यें सरकारी चौकशी समितीनें सुमारें बाराशें साक्षी घेऊन तयार केलेला अहवाल अजूनहि वाचनीय आहे. त्यांत नौगांवच्या ‘पारखदारा’चें वर्णन येतें. हा गडी पिकांत फिरे आणि फुलण्याच्या बेतांतला प्रत्येक नर ओळखून काढी. शेतकरी ते उपटीत. राळ भरावी म्हणून माद्यांना फळूं द्यावयाचें नाहीं, हा त्यांतला हेतु. म्हणजे पीक जितकें उत्तम तितकें बीं कमी ! पारखदाराच्या नजरेंतून एखादा नर सुटला, किंवा मादीवरच चार नरफुलें आलीं, तर जें थोडें बीं धरे त्यावरच वाणाचें पुढचें आयुष्य. नौगांवची लागवड बांगलादेशाच्या सरकारनें १९८७ मध्यें बंद केली. तेथील लोकांच्या प्रकृतीला तें हितकारक झालें असेल. नशेच्या बाजूनें येथें वकिली करावयाची नाहीं. मात्र पारखदार गेला, आणि त्याच्या नजरेखालीं घडलेला वाणहि त्या शेतांतून गेला.

हिमालयांत निराळें घडलें. १९६० नंतरच्या दोन दशकांत युरोप-अमेरिकेंतले तरुण प्रवासी काबूल ते काठमांडू फिरले, आणि जातांना कांहींनीं बीं नेलें. कॅलिफोर्नियांत आणि हॉलंडांत त्याचे संकर झाले. ते संकर तीक्ष्ण राळेसाठीं झाले, वाखासाठीं किंवा दाण्यासाठीं नव्हेत. पुढें तेंच संकरित बीं हिमाचलाच्या खोऱ्यांत परत आलें, कारण चोरट्या बाजारांत त्याला भाव होता. ज्या वाऱ्यानें स्पेनला पराग पोंचतो तो वारा कुलूच्या डोंगरांतहि आहे. ज्याला जुना मलाणा म्हणावें तो आतां कोणत्या शेतांत शुद्ध आहे, हें सांगण्याची छाती फार थोड्यांना होईल.

भारताच्या १९८५ च्या कायद्यानें गांजा आणि चरस यांना बंदी केली. सुटें बीं आणि सुटें पान मात्र व्याख्येबाहेर ठेविलें, आणि वाखासाठीं वा बियांसाठीं लागवडीला सरकारनें परवानगी द्यावी अशी वाटहि ठेविली. त्या वाटेनें पहिलें पाऊल टाकलें उत्तराखंडानें, २०१८ मध्यें. परंतु परवान्याची अट अशी कीं, झाडांत नशेचें द्रव्य शेंकडा ०.३ हून अधिक नसावें. हा आंकडा हिमालयांत मोजून ठरलेला नव्हे. तो परदेशांतून आलेला. डोंगरांतलीं देशी झाडें पुष्कळदां ही मर्यादा ओलांडतात. मग परवाना घेणारा बाहेरचें बीं आणावयास पाहतो, आणि त्याच्या कायदेशीर शेतावरून कायदेशीर पराग पलीकडच्या ओहोळांतल्या जुन्या झाडांवर जाऊन पडतो. देशी वाणांतूनच कमी द्रव्याचीं झाडें निवडून काढण्याची गोष्ट शास्त्रज्ञ बोलतात, आणि ती होण्यासारखी आहे. पण त्याला ड्यूईइतका धीर आणि ड्यूईनंतरची पेरणी, दोन्ही लागतील.

तोंवर जुनें बीं जेथें आहे तेथें आहे. कुमाऊं आणि गढवालांत भांगेचे दाणे भाजून, वाटून, मीठ-मिरची-लिंबू घालून चटणी करतात. भाजींतहि वाटण घालतात. दाण्यांत नशा नसते. खोडाच्या सालीचा वाख काढून पूर्वीं घरोघर दोर आणि ‘भंगेला’ नांवाचें जाडेंभरडें कापड होई; आतां कापड थोडें, दोर अजून वळतात. घराशेजारच्या उकिरड्याजवळ दहावीस झाडें असतात. वाव्हिलोव्ह म्हणाला होता त्याच जागीं. आश्विन-कार्तिकांत तीं कापून झोडपतात. बाई पांखडतांना मोठा, भरलेला दाणा वेगळा काढून ठेवते. तो चटणीला घेत नाहींत, कारण भाजलेलें बीं उगवत नाहीं. उरलेलें कढईंत जातें.